तटाच्या दरजांतली मयूरशिखा : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीचे काम आजपासून पुन्हा हाती घेतले. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने गावातल्या सजीवांची नोंदवही ठेवायला हवी. आमच्या पंचायतीची नोंदवही आहे, चांगली जाडजूड आहे, पण पिके, झाडे आणि पक्षी यांतच तिची पाने संपली आहेत. नेच्यांच्या (फर्नच्या) वाट्याला एकच ओळ आली आहे : 'नेचे – पावसाळ्यात भरपूर.' सरपंचताई म्हणाल्या, "सर, ह्या ओळीचं काहीतरी करा तुमच्या पोरांकडून."

सगळे नेचे एका वर्षात उरकणार नाहीत. म्हणून एकच जात घेतो आहे, मयूरशिखा. शास्त्रीय नाव अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. कोणी मोरशिखा म्हणतात, कोणी भुईताड. नाव गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक आहे, पण माझ्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गात हात वर करायला सांगितले तर रोप दाखवू शकेल असे कोणी निघाले नाही. निवडायला एवढे कारण पुरे. शिवाय ती 'पावसाळ्यात भरपूर' या ओळीत बसत नाही. ती बाराही महिने जागेवर असते, फक्त आठ महिने ओळखू येत नाही.

जागा : जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग, गावामागचा गड आणि त्याच्या पायथ्याचा कातळ. गडाचे नाव या नोंदींत येणार नाही. जडीबुटीवाल्यांना पत्ता द्यायची माझी इच्छा नाही.

आज चार मुले-मुली बरोबर होती. दुसऱ्या दरवाजाच्या डावीकडच्या तटापाशी थांबलो. ऊन चढलेले, दगडाला हात लावला तर चटका. दोन घडीव दगडांच्या मधल्या दरजेत गवताच्या काड्यांसारख्या पिवळट दांड्या आणि त्यांच्या टोकांना मिटलेले करडे झुपके. एकजण म्हणाला, "सर, हे मेलंय." मी म्हटले, बाजूला दहाचे नाणे धरून फोटो काढ, दरवाजापासून कितवा थर आणि कितवा दगड ते लिही. तटावर रंगाची खूण करायची नाही, खिळा मारायचा नाही, खडूसुद्धा नको. फोटो आणि थरांचा नकाशा हीच आपली खूण.

२० एप्रिल

कोरड्या अवस्थेतले वर्णन, दहापट भिंगाखाली :

पाने झुबक्याने येतात. बुडाशी आखूड मूलक्षोड (मुळासारखे दिसणारे खोड), दरजेत आत दडलेले, त्यावर तपकिरी खवले. देठ पानाच्या मानाने बराच लांब, गवती रंगाचा, कडक, वरच्या अंगाला पन्हळ असलेला. सगळे मिळून रोप वीतभराच्या आतले. बहुतेक त्याहूनही बुटके. मोठ्या पानांच्या नेच्यांची सवय झालेल्या डोळ्याला हे नेचा वाटतच नाही, आणि मुलांचा खरा गोंधळ इथेच आहे. त्यांच्या पुस्तकात नेच्याचे चित्र म्हणजे पिसासारखे मोठे पान, दोन्ही बाजूंना पर्णिका. इथे मधली शीरच नाही. देठाच्या टोकाशी पान दोन फाट्यांत फुटते, प्रत्येक फाटा पुन्हा दोन, पुन्हा दोन, आणि शेवटी अरुंद पट्ट्यांचा पंखा तयार होतो. प्रत्येक पट्टीत एकच शीर. ताडाच्या पानाची ठेवण हुबेहूब अशी नसते, पण 'भुईताड' म्हणणाऱ्याला दोष देता येणार नाही.

आत्ता पंखा मिटलेला आहे. पट्ट्या एकमेकींना बिलगून आत वळल्या आहेत, बाहेरून फक्त करडी पाठ दिसते. बोटात धरली तर पट्टी कडकन मोडते. मोडलेल्या कडेला भिंगातून पाहिले तर आत हिरवा रंग आहे. ज्याने "मेलंय" म्हटले होते त्यालाच भिंग दिले. बराच वेळ बघत बसला.

११ मे

गड वनखात्याच्या हद्दीत, म्हणून तटावरचे पानही तोडायचे नाही. पायथ्याला एका शेतकऱ्याच्या बांधालगत कातळ आहे. त्यांनी आनंदाने परवानगी दिली ("एवढंच? मला वाटलं विहिरीचं काही काम हाय"). तिथल्या एका झुबक्यातली दोन पाने आणली.

काल संध्याकाळी एक पान ओल्या सुती फडक्यात गुंडाळून बशीत ठेवले, दुसरे तसेच कोरडे कागदात. आज सकाळी ओले पान उघडले होते. पट्ट्या पसरलेल्या, रंग हिरवा, बोटाला लवचीक लागणाऱ्या. मुळे नाहीत, खोड नाही, नुसते तोडलेले पान, तरी पंख्याने पाणी घेतले. म्हणजे पाणी फक्त मुळांतूनच वर चढावे लागते असे नाही, पानाच्या अंगानेही आत जाते. कोरडे पान होते तसेच. उघडणे म्हणजे नुसती कागदी फुलासारखी यांत्रिक हालचाल असू शकते, जिवंत असल्याचा पुरावा नव्हे, अशी शंका एका मुलीने काढली. शंका अगदी रास्त आहे. मेलेले वाळके पानही भिजून पसरू शकते. पण मेलेल्या पानातून रंग पाण्यात उतरतो आणि एक-दोन दिवसांत ते तपकिरी, लिबलिबीत होते. म्हणून ओले पान आठवडाभर तसेच ठेवायचे आणि रंगावर लक्ष ठेवायचे असे ठरले.

या प्रकाराबद्दल मुलांना जे सांगितले ते इथे थोडक्यात. बहुतेक झाडे पाणी राखून जगतात : खोल मुळे, जाड पान, मेणाचा थर. निवडुंग हे त्याचे टोकाचे उदाहरण. या नेच्याचा मार्ग उलटा. तो पाणी राखायच्या फंदातच पडत नाही. हवा कोरडी झाली की पेशींतले जवळजवळ सगळे पाणी जाऊ देतो आणि थांबून राहतो. सामान्य पानाची पेशी अशी सुकली तर तिची पटले (आतली-बाहेरची पातळ आवरणे) फाटतात, प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि पाणी परत आले तरी उपयोग नसतो. सुकूनही टिकणाऱ्या वनस्पतींत सुकताना पेशीत शर्करा साठतात. पाणी निघून गेल्यावर त्या काचेसारख्या घट्ट होतात आणि आतला संसार जागच्या जागी धरून ठेवतात. पान मिटण्यालाही अर्थ आहे. पाणी नसताना हरितद्रव्यावर ऊन पडत राहिले तर पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. पट्ट्या आत वळल्या की आतला हिरवा भाग सावलीत जातो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२४ साली पश्चिम घाटातल्या अशा सुकून पुन्हा हिरव्या होणाऱ्या ६२ संवहनी (पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या) वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली. त्याआधी अशा जेमतेम ९ ठाऊक होत्या. कातळावर बारा महिने जाणाऱ्या गुराख्याला हे नवे नसेल, पण मोजून, वाळवून, भिजवून सिद्ध करणे वेगळे. मुलांना यादीपेक्षा हे जास्त आवडले की ही सगळी मंडळी आपल्याच घाटातल्या उघड्या कातळांवरची आहेत.

१८ मे

ओले पान अजून हिरवे. पाण्याला रंग नाही. शंका काढणारीने समाधान झाल्याची सही वहीत केली आहे.

२७ मे

मृगाची वाट बघत बेत आखले होते आणि पाऊस रोहिणीतच आला. मोसमी पाऊस काल मुंबईत पोचला. १९५० पासून इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. इकडे तर त्याआधीच वळवाने झोडपून काढले होते.

आज दुपारी उघडीप मिळाली तेव्हा धावत वर गेलो. तट ओळखू येत नव्हता. ज्या दरजांत एप्रिलमध्ये करड्या काड्यांचे फोटो काढले होते, तिथे सगळीकडे हिरवे पंखे उघडलेले. नकाशावर 'शंकास्पद, बहुधा गवत' असे लिहिलेल्या जागांपैकी बऱ्याच मयूरशिखाच निघाल्या. ही सारी जुनी पाने आहेत, गेल्या पावसाळ्यातली. नवी अजून गुंडाळीत. गवताची पात अजून उगवायची आहे, तेरडा दोन पानांवर आहे, आणि हिने मात्र तयार पानांवर प्रकाशसंश्लेषण चालूही केले. आठ महिने मेल्यासारखे राहण्याचा फायदा इथे दिसतो. पहिल्या सरीला दुकान उघडायला तिला वेळ लागत नाही.

१५ जून

पूर्ण तट फिरलो. नोंदवहीतला 'अधिवास' हा रकाना भरायचा म्हणजे 'खडकाळ जागा' लिहून सुटता येत नाही. आज जे पाहिले ते सविस्तर लिहून ठेवतो.

तटाच्या भिंतीत तीन प्रकारच्या जागा आहेत.

पहिली, जिथून पाणी सतत झिरपते. पाण्याच्या टाक्यांखालचा भाग, दरवाजाच्या आतली सावलीची देवडी. तिथे शेवाळ, त्यावर हंसराज. हंसराजही नेचाच, काळ्या चकचकीत देठाचा आणि अर्धचंद्रासारख्या पर्णिकांचा. त्याच्या पानाचे टोक लांबते आणि जमिनीला टेकले की तिथे नवे रोप धरते. हंसराज दिवाळीनंतर वाळून नाहीसा होतो, पानांनी नव्हे तर मूलक्षोडाने उन्हाळा काढतो. या जागांत मयूरशिखा जवळपास नाही.

दुसरी, जिथे माती साठली आहे : तटाचा माथा, पडलेल्या बुरुजाचा ढिगारा. तिथे गवत, तेरडा, टाकळा. महिन्याभरात कमरेएवढे होईल. मयूरशिखा इथेही नाही, आणि ती माती आवडत नाही म्हणून नाही, तर गवताच्या सावलीत वीतभर रोपाचा टिकाव लागत नाही म्हणून. पडक्या बुरुजाच्या कडेला, जिथे ढिगाऱ्यातून एखादा मोठा दगड उघडा राहिला आहे, तिथल्या चिरेत ती लगेच दिसते.

तिसरी जागा तिची. उभी भिंत, पाऊस लागतो पण पाणी थांबत नाही, दुपारचे ऊन लागते, दरज बोटाच्या पेराहून अरुंद. इतकी कमी जागा की दुसरे कोणी तिथे राहायला येत नाही. सोबतीला दोन-चार जण आहेत. एक रुपेरी नेचा, ज्याच्या पानाची पाठ पांढऱ्या पिठाने माखलेली असते. मुलांनी लगेच हातावर पान दाबून पांढरे छाप उठवून घेतले, ते शिकवावे लागले नाही. बारीक पात्याचे ट्रायपोगॉन गवत. तेही सुकून पुन्हा हिरवे होणाऱ्यांपैकी, आघारकरच्या यादीत या प्रजातीचा वाटा मोठा आहे. शिवाय लिंडेनबर्जिया, पिवळ्या फुलांची, तिला तर जुन्या भिंतींशिवाय करमत नाही.

एक प्रश्न मुलांनी विचारला : तट बांधायच्या आधी ही कुठे होती? उत्तर गडाच्या मागच्या कड्यात. सह्याद्रीचा बेसॉल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा. थंड होताना तो आक्रसला आणि उभ्या भेगा पडल्या, दोन थरांच्या मध्ये आडव्या खाचा राहिल्या. त्या भेगांत, माणसाने हात न लावलेल्या कड्यावर, मयूरशिखा आजही आहे. दुर्बिणीतून झुबके दिसतात. गवंड्याने घडीव दगड रचले तेव्हा त्याने नकळत तसाच कडा उभा केला, आणि दरजांत चुना भरला म्हणून तो थोडा अधिक सोयीचा झाला. चुना तिला लागतोच असे नाही, कड्यावर कुठे चुना आहे? पण जुना चुना सच्छिद्र असतो, ओल धरतो, हळूहळू भुसभुशीत होतो, आणि त्यात मुळाच्या केसाला शिरायला वाट मिळते.

ही जात फक्त आपली नाही. आफ्रिकेपासून अरबस्तान, भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमारपर्यंत तिचा पसारा आहे. दुर्मीळ म्हणून जपायची अशी ती नाही आणि मला नोंदवहीत उगाच 'दुर्मीळ' लिहायचे नाही. सरकारी कागदावर दुर्मीळ म्हटल्याशिवाय कोणी बघत नाही, हा वेगळा प्रश्न.

१३ जुलै

परवा बातमी आली : युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आमच्या तालुक्यातला शिवनेरी त्यात आहे. गावात पेढे वाटले. आमचा गड यादीत नाही, पण उत्साह इकडेही उतरलाच.

गडसंवर्धनाची मुले दर रविवारी येतात. मनापासून काम करतात, स्वतःच्या खिशातून दोर, कोयते, हातमोजे आणतात. टाक्यातला गाळ काढला तो त्यांनीच. आज म्हणाले, यंदा पूर्ण तट 'क्लीन' करायचा, एक पान ठेवायचे नाही, म्हणजे दसऱ्याला फोटो झकास येतील. दोघे दोरावरून उतरून खुरप्याने दरजा साफ करायला लागलेही होते. खाली पडलेल्या ढिगात पिंपळाची रोपे, उंबर, गवत आणि मयूरशिखेचे झुबके.

मुलांच्या म्होरक्याशी बराच वेळ बोललो. त्याचे म्हणणे सरळ : झाडी भिंत फोडते. पिंपळाबाबत शंभर टक्के खरे. पिंपळ आणि उंबर यांची मुळे दरवर्षी जाड होतात. केसाएवढे मूळ दरजेत शिरते, दहा वर्षांत मनगटाएवढे होते आणि दगड जागचा हलवते. बुरुजाचा पश्चिम कोपरा तसाच गेला. नेच्याच्या मुळात ही जाड होण्याची सोयच नाही. तारेसारखी बारीक मुळे, जन्मभर तेवढीच. ती दरजेतला भुगा धरून ठेवतात. उलट खुरप्याने झुबका ओढला की त्याच्याबरोबर चुन्याचा मुठीएवढा गोळा बाहेर येतो आणि पावसाचे पाणी थेट गाभ्यात जाते. त्याला ढिगातला एक झुबका उचलून दाखवला. मुळांत चुना तसाच अडकलेला होता.

तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, हे पटतंय. पण पोरांना वरून लटकताना कुठलं झाड कुठलं ते कसं कळणार?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नसता.

१६ जुलै

पोरांसाठी कागद तयार केला, अर्ध्या पानाचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोराला बांधता येईल असा. एका बाजूला पिंपळ, उंबर, पिंपरी यांच्या कोवळ्या रोपांचे फोटो आणि वर 'काढा, मुळासकट, पाऊस आहे तोवर'. दुसऱ्या बाजूला मयूरशिखा, रुपेरी नेचा, हंसराज, शेवाळ आणि वर 'राहू द्या'. ओळखायची खूण एकच दिली : देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर काढा. वड-पिंपळाच्या कुळाला चीक असतो, नेच्याला नाही. वरून लटकताना एवढेच लक्षात राहते.

३ ऑगस्ट

नवी पाने आली. टोकाशी गुंडाळी, नेच्याची खरी ओळख हीच. मग पंखा हळूहळू पसरतो. या वेळी दोन तऱ्हेची पाने स्पष्ट दिसतात. बुटकी, रुंद पट्ट्यांची, पट्टीचे टोक बारीक दातेरी, ती वांझ. उंच देठाची, लांब अरुंद पट्ट्यांची, कडा खाली दुमडलेल्या, ती बीजाणू (नेच्याचे बियांऐवजी येणारे धुळीसारखे कण) धरणारी. दुमडलेली कड नखाने उलगडली की आत बीजाणूधानींची (बीजाणूंच्या बारीक डब्यांची) तपकिरी रेघ, पट्टीच्या दोन्ही बाजूंना लांबपर्यंत.

मुलींपैकी एकीने विचारले, बीजाणू वाऱ्याने दरजेत पडला, रोप आले, एवढेच ना? नाही, मध्ये एक संपूर्ण पिढी आहे आणि ती कोणाला दिसत नाही. बीजाणूतून थेट नेचा येत नाही. त्यातून येते नखाच्या टोकाएवढी, एका पेशीच्या जाडीची, हिरवी पातळ चकती. तिच्या खालच्या बाजूला शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होतात, आणि शुक्रपेशीला अंड्यापर्यंत पोचायला पोहावे लागते. पाण्याचा पातळ पापुद्रा हवा, तोही नेमक्या दिवशी. कोरड्या दरजेत राहणाऱ्या जातीच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक टप्पा हाच. म्हणून मोठी रोपे उन्हाला दाद देत नसली तरी नवी वस्ती सहज होत नाही. साफसफाईत एक झुबका गेला तर 'पुढच्या पावसात परत येईल' म्हणणे बरोबर नाही, हे म्होरक्यालाही सांगितले.

कोरड्या जागांतल्या बऱ्याच नेच्यांनी यावर तोड काढली आहे. त्यांत चकतीतून मीलनाशिवायच नवे रोप उगवते. त्याचा माग सूक्ष्मदर्शकाखाली काढता येतो. मीलन करणाऱ्या अशा नेच्यांच्या एका बीजाणूधानीत साधारण ६४ बीजाणू असतात, मीलन टाळणाऱ्यांत ३२. आपल्या तटावरची मयूरशिखा कोणत्या गटात, हे मोजून बघायचे ठरले.

२४ ऑगस्ट

दिवसभर धुके, तटाचा माथाही दिसला नाही. कागद दोराला बांधलेला आढळला, दोन ठिकाणी. चांगले आहे.

२१ सप्टेंबर

कातळावरची बीजाणू धरणारी पाने (परवानगी तीच) महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. मोजणी झाली नाही. बीजाणूधानी जवळजवळ सगळ्या फुटलेल्या. पण फुटण्याचा प्रकार मात्र मुलांना प्रत्यक्ष बघायला मिळाला, आणि मोजणीपेक्षा तोच जास्त गाजला.

बीजाणूधानी म्हणजे बारीक डबी. तिच्या कण्यावरून जाड भिंतींच्या पेशींची एक ओळ जाते. सुकताना या पेशींतले पाणी कमी होते, पण पाण्याचे रेणू एकमेकांना सोडत नाहीत, त्यामुळे पेशींच्या पातळ बाहेरच्या भिंती आत ओढल्या जातात आणि अख्खी ओळ मागे वाकते. डबी उघडते, वाकलेला भाग बीजाणू घेऊन मागे जातो. ताण वाढत वाढत एका क्षणी पेशींच्या आत बुडबुडा तयार होतो आणि ओळ सपकन पुढे येते. बीजाणू उडतात. दिव्याची उष्णता लागताच शिल्लक राहिलेल्या डब्या एकेक करून उडायला लागल्या. मुले ओरडत होती. शेजारच्या रसायनशास्त्राच्या सरांनी दार उघडून विचारले, क्रिकेट चालू आहे का.

मोजणीसाठी पाने पुढच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आणायची, डब्या बंद असताना.

१२ ऑक्टोबर

'स्थानिक उपयोग' हा रकाना. यात घाई केली नाही कारण हा रकाना भरणे सर्वांत सोपे आणि सर्वांत धोक्याचे.

पायथ्याच्या वाडीतले एक आजोबा झाडपाल्याची औषधे देतात. पैसे घेत नाहीत. मयूरशिखा ते कशासाठी वापरतात, कशाबरोबर, किती, हे त्यांनी मला सांगितले आणि वर म्हणाले, "लिव्हायचं नाय हां मास्तर." लिहिणार नाही. नोंदवहीत पारंपरिक ज्ञान नोंदवताना सांगणाऱ्याची संमती लागते, आणि त्यांनी नाही म्हटले. रकान्यात एवढेच जाईल : 'औषधी उपयोग आहे. माहिती देणाऱ्यांच्या इच्छेनुसार तपशील नोंदवलेला नाही.' समितीतल्या एकाला हे अपुरे वाटले. मला ते पुरेसे वाटते.

जे ग्रंथांत आहे ते लिहायला हरकत नाही. भावप्रकाश निघंटूत (औषधी वनस्पतींच्या जुन्या आयुर्वेदिक कोशात) मयूरशिखा आहे, हलकी, पित्त-कफ आणि अतिसार जिंकणारी. पण निघंटूतली ओळ वाचून झाड ओळखता येत नाही, म्हणून बाजारात या एका नावावर निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. कुठे हाच नेचा, कुठे बागेतला कोंबडा, ज्याचे लाल तुऱ्याचे फूल आपण देवाला वाहतो, कुठे हंसराजाचा एक भाऊबंद, कुठे भलतेच. तालुक्याच्या बाजारातून मुलांनी 'मयूरशिखा' म्हणून पुडी आणली, तीत नेच्याचे पान एकही नव्हते. शिवाय ऑनलाइन 'मोरशिखा जडी' नावाने घरात ठेवली की भरभराट होते अशी सुकी रोपे मिळतात. पाण्यात टाकली की हिरवी होतात हे बघून लोकांना चमत्कार वाटतो. आमच्या बशीतला प्रयोग ज्याने बघितला आहे त्याला हा चमत्कार विकत घ्यायची गरज नाही.

३० नोव्हेंबर

दिवाळीनंतरही पाऊस रेंगाळला, त्यामुळे पंखे यंदा उशिरापर्यंत उघडे होते. आज मात्र दक्षिणेकडच्या तटावर मिटायला लागलेले दिसले. उत्तरेकडे अजून हिरवे.

आज तटाच्या दोन दुरुस्त केलेल्या तुकड्यांची तुलना केली. काही वर्षांपूर्वी दरवाजाजवळचा एक भाग सिमेंटने भरला आहे. दरजा गुळगुळीत, करड्या, फुगीर. त्या पूर्ण तुकड्यात मयूरशिखा नाही, रुपेरी नेचा नाही, काही नाही. मात्र सिमेंट आणि दगड यांच्या मधल्या बारीक फटीतून पिंपळ आला आहे. सिमेंट दगडाहून कडक आणि पाणी आत कोंडणारे. भिंतीच्या पोटातली ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. त्या तुकड्यात तसे सुटलेले दिसतात. पलीकडचा भाग चुन्याने दुरुस्त केला आहे, घाण्यात मळलेल्या, गूळ आणि बेलफळाचे पाणी घातलेल्या. तिथे दगड शाबूत आहेत आणि दरजांच्या कडेला मयूरशिखेची लहान रोपे दिसू लागली आहेत. नेचा आहे म्हणून भिंत चांगली असे मी म्हणणार नाही. पण भिंत श्वास घेते आहे की नाही हे बघायला नेच्याकडे नजर टाकणे वाईट नाही, आणि ते फुकट आहे.

गडावर ताक विकणारी मावशी हे सगळे ऐकत होती. म्हणाली, "आमच्या घरामागच्या जुन्या भिंतीला बी हाय ती मोरशिखा. सून म्हणती काढून टाक, भिंत घाण दिसती." मी म्हटले, मावशी, पिंपळ असेल तर काढा. ती म्हणाली पिंपळ नाही. मग राहू द्या.

१४ डिसेंबर

नोंदवहीतले पान समितीकडे दिले. 'नेचे – पावसाळ्यात भरपूर' ही ओळ खोडली नाही, तिच्या खाली चिकटवले. पानावर : स्थानिक नावे, शास्त्रीय नाव, कोरड्या आणि ओल्या अवस्थेतले फोटो शेजारी शेजारी, अधिवास (उभी भिंत, कडा, अरुंद दरज, माती आणि सतत झिरप नसलेली जागा), सोबतच्या जाती, धोके (सरसकट साफसफाई, सिमेंटने दरजा भरणे, जडीबुटीसाठी उपटणे), उपयोगाच्या रकान्यात आजोबांनी मान्य केलेले एकच वाक्य. 'स्थिती' या रकान्यात 'सर्वत्र, पण ठरावीक जागीच'. जागेचा नकाशा पानाला जोडलेला नाही. तो महाविद्यालयात बंद कपाटात आहे.

उरलेली कामे : बीजाणूंची मोजणी (ऑगस्ट). मागच्या कड्यावरची वस्ती, त्यासाठी दोरवाल्या मुलांची मदत, म्होरक्या तयार आहे. चुन्याच्या नव्या तुकड्यातल्या लहान रोपांचे दर दोन महिन्यांनी फोटो, ही जबाबदारी शंका काढणारीने स्वतःहून घेतली. दोराला बांधायचा कागद पुन्हा छापायचा, पहिल्याची शाई पावसात गेली.